अकरा स्प्रिंगा आणि एक माप

बाबूजी स्प्रिंगांचा डबा गोणपाटावर ओतत तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो. खिळे ओतले की खणखणतात, नटबोल्ट ओतले की धपकन पडतात आणि गप्प होतात. स्प्रिंगा मात्र पडल्यावरही गप्प बसत नाहीत. एकमेकींत अडकतात, थरथरतात, एखादी उडी मारून थेट चुलीपर्यंत जाते. मग माय स्वयंपाकघरातून ओरडायची, "आवरा जी तुमच्या पोरी! एक माह्या डाळीत पडली असती आता." बाबूजी वर न बघता म्हणायचे, "वाढून दे मंग. लोखंड पचते आमाले."

माय जाऊन पाच महिने झाले. मी रोज थोडं लिहिते. कधी अर्धं पान, कधी चारच ओळी. आमगावच्या ज्या शाळेत मी ग्रंथालय सांभाळते तिथे दुपारी फार कुणी येत नाही, त्या वेळात लिहून होतं. तिच्याबद्दल लिहायला बसले की सण आठवत नाहीत, आजारपणही आठवत नाही. आठवतं ते गोंदियाजवळच्या फुलचूरचं आमचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या पडवीत पसरलेलं गोणपाट, आणि त्यावर मांडलेल्या अकरा स्प्रिंगा.

बाबूजी राइस मिलमध्ये मिस्त्री होते. धान सोलायच्या मशीनपासून पोतं शिवायच्या मशीनपर्यंत तिथे जे जे फिरायचं त्याचं दुखणंखुपणं त्यांच्याकडे. मिलच्या धडधडीनं त्यांचे कान लवकर गेले. म्हणून ते मशीन ऐकत नसत, तिच्यावर तळहात ठेवत, वैद्यानं नाडी धरावी तसा. घरी येत तेव्हा भुवयांवर कोंड्याची पिवळसर भुकटी बसलेली असे आणि खिशात मिलमध्ये कुणाला नको असलेली एखादी वस्तू असे. तुटलेली कडी, अर्धी बेअरिंग, आणि स्प्रिंगा तर हमखास. "माणूस वाकवला तं वाकलेलाच राह्यते," ते म्हणायचे, "स्प्रिंग परत उभी राह्यते. फेकाची कायले?"

आमच्या मुलींच्या शाळेत दोन एअर रायफली होत्या. सगळं गाव त्यांना छर्ऱ्याची बंदूक म्हणे आणि खेळाचे मेश्राम सर प्रत्येकाला सुधारत, "रायफल म्हणा, रायफल." सायकल स्टँडच्या मागे दहा मीटर मोजून सरांनी वाळूची पोती रचली होती, तीच आमची रेंज. रायफलच्या नळीखाली एक सिलिंडर असे, त्यात हातपंपानं हवा दाबून भरायची. तो पंप मारणं म्हणजे काय ते ज्यानं मारला त्यालाच ठाऊक. सर आणि शिपाईकाका आळीपाळीनं त्यावर असे वरखाली होत की आम्ही मुली खिडकीआड तोंडात ओढणी कोंबून हसायचो. चाप ओढला की आतली एक छोटी लोखंडी हातोडी पुढे झेपावते, हवेच्या झडपेवर ठोका मारते, झडप क्षणभर उघडते आणि तेवढ्या हवेनं छर्रा निघतो. त्या हातोडीला पुढे ढकलते ती हॅमर स्प्रिंग. बोटाच्या दोन पेरांएवढी, पेन्सिलीएवढी जाड. सगळी गंमत तिच्या जोरावर. जोर कमी पडला तर झडप पुरती उघडत नाही आणि छर्रा खाली पडतो. जास्त झाला तर झडप नको तितकी उघडी राहते, छर्रा वर जातो आणि हवा वाया जाते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी इतकंच कळत होतं, की माझे छर्रे खाली पडू लागले आहेत. मी घरात आणि वर्गात फार बोलणारी मुलगी नव्हते. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्या मुलीला खेळात घ्यायला कुणी तयार नसतं, पण नेमबाजीत धावावं लागत नाही, ओरडावं लागत नाही, श्वास धरून गप्प उभं राहावं लागतं. ते मला येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा गप्पपणा कुठेतरी उपयोगी पडत होता. आणि आता कार्डावरची माझी भोकं काळ्या वर्तुळातून घसरत घसरत पांढऱ्यात उतरत होती. शेजारच्या रायफलवर नाजनीन असायची, माझी मैत्रीण. ती माझं कार्ड बघून म्हणाली, "वंदू, तेरी बंदूक को मलेरिया हुआ क्या रे?" सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हात हलतो आहे तुझा. श्वासावर लक्ष नाही."

मी दोन आठवडे पडवीत वीट तोलून उभी राहिले. खांदे भरून यायचे. माय तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे बघायची. शेवटी एके दिवशी नाजनीननं माझी रायफल ओढून घेतली आणि पाच छर्रे मारले. तेही पाचच्या पाच खाली. तेव्हा सरांनी रायफल उघडली. स्प्रिंग बाहेर काढून दुसऱ्या रायफलच्या स्प्रिंगेशेजारी ठेवली, तर माझी नखभर बुटकी. कुणीतरी ती रायफल सुट्टीभर कपाटात हातोडी चढवलेलीच ठेवून दिली होती, आणि दाबून राहून राहून स्प्रिंग बसली होती. बसली म्हणजे तिचा जोर गेला, ती पुन्हा पूर्ण उंचीला येईना.

नवी स्प्रिंग दिल्लीहून मागवावी लागणार होती आणि दिल्लीवाला म्हणत होता दोन महिने. नागपूरची विभागीय स्पर्धा पुढच्या महिन्यात होती. सरांनी मला व्हरांड्यात बोलावून घेतलं. "दोघींची पाळी एकाच वेळी आहे, वंदना. एका रायफलवर दोघी कशा उभ्या राहणार? पुढच्या गुरुवारी नावं पाठवायची आहेत. तोवर काही झालं नाही तर मी एकच नाव पाठवीन." कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबूजी मिलच्या कपड्यांतच शाळेत आले. भुवयांवर कोंडा तसाच. मला वर्गातून दिसले आणि खरं सांगायचं तर थोडी लाज वाटली. त्या लाजेची लाज मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिली. ते सरांना म्हणाले, "स्प्रिंगच हाये ना जी सर? मी करून देतो."

"मिस्त्री, ही मिलची मशीन नाही. फार बारीक काम आहे."

"बारीक तं तांदूळही राह्यते जी," बाबूजी म्हणाले. "आम्ही त्याचंच काम करतो."

चांगल्या रायफलची स्प्रिंग घरी नेऊ द्यायला सर तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. म्हणून बाबूजींनी आपलं सामान शाळेत आणलं: एक फळी, एक लांब बोल्ट, वॉशर, पत्र्याचा डबा, पोतडीभर तांदूळ आणि आजोबांच्या काळापासून घरात असलेलं धान्य मोजायचं छोटं लोखंडी माप. प्रयोगशाळेतल्या दोन टेबलांवर फळी आडवी टाकली. फळीला भोक होतं. भोकावर स्प्रिंग उभी केली, वरून बोल्ट तिच्यातून आणि भोकातून खाली सोडला, वर वॉशर, खाली लोंबणारा डबा. डब्यात जसजसा तांदूळ पडेल तसतसा बोल्ट खाली जाणार आणि स्प्रिंग दबणार. रायफलमध्ये हातोडी चढवल्यावर स्प्रिंग जेवढी दबते त्याचा हिशोब करून बाबूजींनी बोल्टवर कानशीनं एक बारीक ओरखडा काढला होता. ओरखडा फळीच्या खालच्या अंगाला टेकला की झालं. ते स्वतः माप भरत, मिलच्या सवयीनं वरून बोट फिरवून सपाट करत आणि सावकाश ओतत. सातव्या मापाला ओरखडा टेकला. "सात," बाबूजी म्हणाले. मी वहीत लिहिलं, सात.

आता कुणी विचारेल, वजनकाटा नव्हता का? होता, नाक्यावरच्या किराणा दुकानात चकचकीत होता. मीही विचारलं होतं. बाबूजी म्हणाले, "किलो कायले पाहिजे वो? दोघी बहिणी सारख्या जोराच्या हायेत का, एवढंच तं पाहाचं. एकच माप, एकच तांदूळ. त्यात खोट कुठून येईन?" विज्ञानाच्या पुस्तकात मी जे वाचत होते त्याच्याशी हे अगदी जुळत होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. अजूनही वाटतो. त्यांच्या पद्धतीत चूक नव्हतीच.

मग घरी निवड सुरू झाली. डब्यातल्या शंभरेक स्प्रिंगांतून आधी जाडी बघायची. हातोडीच्या नळीत सहज सरकली पाहिजे, पण लटपटली नाही पाहिजे. लटपटणारी वाकडी दबते आणि नळीला घासते. मग दोन्ही टोकं. ज्यांची टोकं सपाट घासलेली असतात त्या सरळ उभ्या राहतात. बाबूजी स्प्रिंग काचेवर उभी करून डोळा बारीक करत आणि जी कलायची तिला बाजूला सारत. मग तारेची जाडी, मग वेढे. वेढे मोजायचं काम माझं. असं करत अकरा उरल्या: कुठल्या जुन्या स्प्रिंगवाल्या कडीतली, कुठल्या मोपेडमधली, दोन डिझेल इंजिनातल्या, एक मिलच्या भंगारात गेलेल्या पोतं शिवायच्या मशीनमधली. त्या गोणपाटावर ओळीनं मांडल्या.

मायला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. म्हणून तिनं गाईम्हशींना ठेवावीत तशी त्यांना नावं ठेवली. कडीतली ती लंगडी. मोपेडमधली काळी. इंजिनातली एक बोटातून निसटून तिच्या कपाळाला लागली, ती रागीट. पोतं शिवायच्या मशीनमधली दाबली तरी मुकाट दबायची, ती गरीब. बाबूजी आधी हसले, नंतर स्वतःच म्हणू लागले, "गरीब आण वो इकडे." माझ्या वहीत वेढ्यांच्या आकड्यांसमोर हीच नावं आहेत. ती वही माझ्याकडे आहे. कालच उघडली होती.

पहिली परीक्षा दमाची. प्रत्येक स्प्रिंग वेढ्याला वेढा टेकेपर्यंत शिकंज्यात दाबून दोन दिवस ठेवायची, मग सोडून उंची मोजायची. जी बुटकी झाली ती बाद. लंगडी गेली, काळी गेली, आणखी तीन गेल्या. उरल्या सहा. दुसरी परीक्षा तांदळाची. रविवारची सकाळ होती, चुलीवर लाखोळीची डाळ शिजत होती आणि तिचा तो कच्च्या गवतासारखा वास घरभर होता. बाबूजींनी पडवीत फळी लावली आणि ओरखड्याच्या पातळीत डोळा आणून गोणपाटावर आडवेच झाले. तिथून त्यांना उठायचं नव्हतं. म्हणून त्यांनी आत हाक दिली, "ऐकतं का वो, सात मापं तांदूळ काढून दे परातीत."

माय कोठीतून सात मापं काढून परात घेऊन आली. मी ओतायला हात पुढे केला, तर बाबूजी म्हणाले, "तू नको, तू वही सांभाळ. तिले ओतू दे." परात रिकामी झाली की बाबूजी बघायचे. ओरखडा वरच राहिला तर स्प्रिंग कडक, फळीच्या खाली निघून गेला तर नरम. एकीमागून एक सहाही झाल्या. गरीब नरम निघाली, ओरखडा फळीखाली चांगला दोन सूत उतरला. रागीट मात्र अशी आली की ओरखडा फळीला शिवून थांबला. बाबूजी उठून बसले. "हे पाहाय," ते मला म्हणाले, "रागीट. सात मापं, ना कमी ना जास्त." त्या दिवशी जेवताना त्यांनी डाळीवर दोनदा तूप घेतलं.

संध्याकाळी आम्ही शाळेत गेलो. नाजनीन मामाकडे देवरीला गेली होती. सर होते. बाबूजींनी रागीट बसवली. मग त्यांनी पिशवीतून धुण्याचा साबण काढला, मायनं भांडून भांडून दिलेला. वडीचे दोन तुकडे केले. एका तुकड्यात चांगल्या रायफलचे तीन छर्रे मारले, दुसऱ्यात माझ्या रायफलचे. मग भोकात सायकलचा आरा घालून खोली मोजायची. जोर सारखा असेल तर खोली सारखी. पण माझ्या तुकड्यात आरा प्रत्येक वेळी थोडा जास्त आत जात होता.

"साबणाचा हा भाग ओला असन," बाबूजी म्हणाले.

मग मी उभी राहिले. स्पर्धेत चाळीस छर्रे मारायचे असतात, तितके मारायचे ठरलं. पहिले वर गेले. मी नेम उतरवून घेतला. पण विसाव्यानंतर सिलिंडरवरच्या हवेच्या काट्यानं घसरगुंडी धरली आणि छर्रे पुन्हा खाली पडू लागले. तिसाव्याला सरांनी थांबवलं. त्यांनी स्वतः पाच मारून पाहिले, पण सरांचे छर्रे एरवीही कार्डभर हिंडत, त्यातून काही कळेना. "मिस्त्री, हवा फार खाते आहे. काहीतरी चुकलं."

बाबूजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते रायफलकडे बघत होते, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्प्रिंग बराबर हाये. मापून आणली. पोरीचाच हात हालून राह्यला."

बाबूजींच्या सायकलवर मागे बसून मी घरी आले. मिलच्या भुशाच्या ढिगावरून धूर येत होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. ते धुराचं आहे असं मी स्वतःला सांगत राहिले. सर म्हणाले होते तेव्हा मी वीट धरून उभी राहिले होते. बाबूजी म्हणाले तेव्हा काय धरून उभं राहायचं हे मला कळेना.

मायनं ताटं वाढली. कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या होत्या, माझ्या आवडीच्या. मी हात लावला नाही. तिनं विचारलं, "काय झालं?" बाबूजींनी सांगितलं. तिनं वडीचं ताट माझ्यापुढे सारलं आणि बाबूजींसमोर बसली.

"तिचा हात नाई हालत."

"तुले काय मालूम?"

"तांदळातले खडे निवडताना पाह्यतो ना रोज तिले. माह्यापेक्षा नीट निवडते. हात हालला तं खडा नाई, तांदूळ निघते हातात." माय असंच बोलायची, तिकडच्या बायका बोलतात तसं, पाह्यतो, जातो. "हात नाई हालत तिचा. दुसरं काही पाहा."

"दुसरं काय पाहू? स्प्रिंग मापली हाये म्हणतो ना!"

"मंग माप खोटं असन."

बाबूजी ताटावरून उठले. "माप खोटं? माह्या बापानं याच मापानं खळ्यावर धान मोजलं. आन तू म्हणतं खोटं? थांब, दाखवतो तुले." ते कोठीशी गेले, माप तांदळात खुपसून भरलं, वर काढलं आणि नेहमीप्रमाणे बोट फिरवून सपाट केलं. वरचे दाणे कोठीत परत पडले. तो सळसळता आवाज अजून माझ्या कानात आहे.

माय जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "तुम्ही माप कापता जी?"

"म्हणजे?"

"बोट फिरवून कापता? शाळेत असंच कापलं होतं का?"

"असंच. मिलमधे असंच करतेत. काऊन?"

माय उठली. तिनं त्यांच्या हातातलं माप घेतलं, भरलं आणि त्यावर दोन्ही हातांनी तांदूळ रचला, घसरून पडेपर्यंत. मापावर लहानसा डोंगर उभा राहिला. आमच्याकडे त्याला शीग म्हणतात. "माह्या हातानं कापलं माप घरातून कधी निंघालं नाई," ती म्हणाली. "कोणाले देताना माप कापत नाईत. तुम्ही सात मागतले, म्या सातही शिगेचे देल्ले."

मी वहीकडे धावले. सात म्हणजे शाळेतले सपाट सात, आणि सात म्हणजे घरचे शिगेचे सात. आकडा एक, तांदूळ वेगळा. सहाही स्प्रिंगांवर बाबूजींना वाटत होतं त्यापेक्षा जास्त ओझं पडलं होतं. म्हणजे जी बरोबर वाटली ती खरी कडक होती, म्हणूनच साबणात खोल जात होती आणि हवा पीत होती. आणि जी नरम ठरून बाद झाली होती, तिच्यातच खरी असण्याची शक्यता होती.

बाबूजी कोठीला टेकून बसले होते. चिडतील असं वाटलं. मिलमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाची मापाची चूक स्वयंपाकघरात सापडली होती. पण त्यांनी उठून पडवीत फळी लावली, बोल्ट लावला, आणि कोपऱ्यातल्या बाद झालेल्यांमधून गरीब उचलून उभी केली. सात मापं त्यांनी स्वतः भरली, सातही वेळा बोट फिरवून. पण ओतायची वेळ आली तेव्हा त्यांनी परात माझ्या हातात दिली.

"तू ओत. हळू ओताचं हाये," ते म्हणाले. आणि मग ओरखड्याकडे डोळा लावून, माझ्याकडे न बघता, "तुहा हात हालत नाई."

त्यांनी आयुष्यात माझी माफी मागितली ती एवढीच, आणि मला ती पुरली. मी दाणा दाणा ओतला. शेवटची मूठ पडली तसा ओरखडा फळीला येऊन टेकला आणि थांबला. दारात उभी असलेली माय म्हणाली, "पाहा. गरिबाले कोणी विचारतच नाई."

बुधवारी शाळेत साबणाचे दोन तुकडे पुन्हा शेजारी ठेवले गेले. आरा दोन्हीत सारखा गेला. चाळीस छर्रे झाले तरी हवेचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. नाजनीननं माझी रायफल चालवून पाहिली आणि म्हणाली, "अब ठीक है. दवा लग गई." सरांनी गुरुवारी दोन नावं पाठवली.

नागपुरात मी काही पदक आणलं नाही. पहिल्या दहातही नव्हते. पण माझे चाळीसही छर्रे जिथे पाठवले तिथेच गेले. मोठ्या रेंजवर सगळीकडे चकाकत्या रायफली, आणि त्यांच्यात एका रायफलच्या पोटात आमच्या मिलची गरीब बसलेली. दुसऱ्या जिल्ह्याचे एक प्रशिक्षक आमच्या रायफलची हवा किती टिकते ते बघून सरांना विचारत होते, स्प्रिंग कुठून मागवली. सर छाती काढून म्हणाले, "गोंदियाची आहे. तांदळाची पोती शिवायच्या मशीनची." त्या माणसाला वाटलं सर थट्टा करत आहेत. दिल्लीहून नवी स्प्रिंग आली तीही शाळेच्या कपाटातच राहिली. सरांनी ती बसवली नाही.

पण मला खरा अभिमान वाटला तो दोन दिवसांनी. बाबूजींचा डबा द्यायला मी मिलमध्ये गेले होते. जेवायच्या सुट्टीत मशीन बंद होती आणि सगळे हमाल, ड्रायव्हर पोत्यांवर बसले होते. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, बंदूकही बनवली म्हणतेत तुम्ही!" बाबूजी सहज हो म्हणू शकले असते. तिथे चूक ठाऊक असलेलं कुणीच नव्हतं. त्यांनी डबा उघडला, घास घेतला आणि म्हणाले, "बनवली म्या. पण चुकवलीही म्याच. पोरीवर आळ घेतला. चूक आमच्या घरच्यांनं पकडली." एक हमाल हसला, "भाभीले स्प्रिंग समजते का गा?" बाबूजी म्हणाले, "स्प्रिंग नाई समजत. माप समजते. आन पोर समजते."

हे मी मायला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. "तोंड हाये त्याईले, बोलतेत," एवढंच म्हणाली. पण त्या संध्याकाळी डाळीवर तूप दोनदा पडलं आणि ते बाबूजींनी मागितलेलं नव्हतं.

मायच्या तेरवीला स्वयंपाकी बोलावला होता. बाबूजी आता थकले आहेत, कान तर पुरतेच गेलेत. आलेल्या प्रत्येकाला ते स्प्रिंगेची गोष्ट सांगत होते. काहींना दोनदा सांगितली. लोक मान हलवत होते; आम्ही घरचे त्यांना आवरत होतो, मग सोडून दिलं. तांदूळ काढायची वेळ आली तेव्हा ते उठून कोठीशी आले आणि माझ्या हातातलं तेच लोखंडी माप त्यांनी घेतलं. भरलं. सवयीनं बोट कडेवर आलं. ते बोट तिथे थांबलेलं मी पाहिलं. मग त्यांनी बोट काढून घेतलं, दुसऱ्या हातानं वर तांदूळ रचला आणि परातीत ओतला. पुन्हा भरला, पुन्हा रचला. खाली दाणे सांडत होते.

स्वयंपाकी मोजत होता. अडखळला आणि म्हणाला, "बाबूजी, ये माप बराबर नहीं हो रहा."

बाबूजींना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण त्यांनी पुढचं माप शिगेला लावलं, दोन्ही हातांनी सांभाळत परातीपर्यंत आणलं आणि म्हणाले, "बराबर हाये. आमच्या घरचं माप हाये हे."